चढणीचा मासा आणि फ्रान्सिस डे

शिरपूर म्हटले की लोकांना अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आठवते. अशा तीर्थाच्या गावातून आलेल्या मुलाने वार्षिकांकात माशांवर लिहावे, हे काही मित्रांना चमत्कारिक वाटेल. पण आम्ही भोई. आजोबांनी जाळी विणली, वडील आजही विणतात. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या एका मित्राचे पुस्तक चाळताना माशांच्या लॅटिन नावांपुढे पुन्हा पुन्हा एकच छोटेसे नाव दिसे : डे. कोण हा डे, म्हणून शोध घेत गेलो आणि एका मोठ्या माणसाचे चरित्र हाती लागले. मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते नाव चांगले परिचित आहे. आम्हा कला शाखेच्या मुलांना नसावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

फ्रान्सिस डे यांचा जन्म 1829 साली इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. शिक्षण श्रूजबरीच्या शाळेत, वैद्यकीचे लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात. 1852 साली ते मद्रास सरकारच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि हिंदुस्थानात आले. त्या काळी असे शेकडो डॉक्टर येत. काही तापाने मरत, काही पेन्शन घेऊन परत जात. डे वेगळे निघाले याचे कारण बहुधा त्यांची कोचीनला झालेली नेमणूक. तिथे शहराभोवती खाडी आहे, कायल आहे, दिवसातून दोनदा भरती आत शिरते आणि दोनदा ओहोटी बाहेर जाते. दवाखान्याचे काम आटोपले की हा सर्जन मासळीबाजारात जाऊन बसे. कोळी जे आणतील ते विकत घ्यावे, मोजावे, चित्र काढावे, स्थानिक नाव विचारून लिहून ठेवावे. 1863 साली त्यांनी कोचीनच्या भूत-वर्तमानावर एक ग्रंथ लिहिला आणि 1865 साली मलबारच्या माशांवर दुसरा.

मधल्या काळात एक खटाटोप त्यांनी केला, तो सांगण्यासारखा आहे. निलगिरीच्या थंड ओढ्यांत इंग्लंडचा ट्राउट मासा वाढवावा ही कल्पना. अंडी बर्फात ठेवून बोटीने आणायची. ती वाटेतच मेली. साहेबाला परदेशात आपल्या देशचा मासा हवा, यात मला तरी फारसे नवल वाटत नाही. आमच्या गावचा माणूस मुंबईला गेला तरी ज्वारीची भाकर शोधतो.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण लागले ते एका बांधामुळे. कावेरीची एक मोठी शाखा कोलेरून, म्हणजे तमिळ लोकांची कोल्लिडम. तिच्यावर 1836 च्या सुमारास सर आर्थर कॉटन यांनी बांध घातले. हेच कॉटन पुढे गोदावरीवर धवळेश्वरम् येथे गेले आणि 1847 ते 1852 या काळात तिथला प्रचंड बंधारा उभा केला. दुष्काळाने होरपळलेल्या त्या मुलखात पाणी खेळू लागले, आणि तिथले शेतकरी आजही कॉटनसाहेबांचे पुतळे पूजतात. आमच्या वाशिम जिल्ह्याच्या दक्षिणेकडून वाहणारी पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. तेव्हा आमच्याकडच्या पावसाचे पुष्कळ पाणी शेवटी धवळेश्वरम्‌च्या त्या भिंतीशी पोचते, असे म्हणायला हरकत नाही.

आता माशाकडे येतो. बंगालात त्याला इलिश म्हणतात, सिंधमध्ये पल्ला, आणि गोदावरीच्या मुखाशी पुलस. इंग्रजी पुस्तकांत हिल्सा. चांदीसारखा चकाकणारा, काटेच काटे असलेला हा मासा वाढतो समुद्रात. पण पावसाळा लागला आणि नद्यांना गढूळ पूर आला की तो खाडीच्या तोंडाशी जमतो, भरतीच्या पाण्याबरोबर नदीत शिरतो आणि अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर वर चढतो. पोटात गाभोळी आणि अंगात चरबी. जुलै ते सप्टेंबर हा गोदावरीवरचा त्याचा हंगाम. मंगळसूत्र विकावे पण पुलस खावी, अशा अर्थाची म्हण तिकडे आहे. अमेरिकेत हडसन नदीत पट्टेदार बास नावाचा मासा असाच वसंत ऋतूत समुद्रातून वर येतो, आणि तिथेही त्या काही आठवड्यांची लोक वर्षभर वाट पाहतात. आम्ही समुद्रापासून शेकडो मैल दूर, पण ही गोष्ट आम्हाला परकी नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला की आमच्या नाल्यांतही मासा उलटा चढतो. त्याला चढणीचा मासा म्हणतात आणि त्या रात्री भोयाच्या घरात कोणी झोपत नाही.

तर 1867 साली खुद्द कॉटन यांनीच इंग्लंडमधील वरिष्ठांना एक शंका कळवली : आपण नद्यांवर जे बांध घातले, त्यांनी वर चढणाऱ्या माशांची वाट तर अडत नाही ना? मला या माणसाचे कौतुक वाटते. आपल्याच बांधकामाविषयी अशी शंका काढणारा इंजिनियर विरळाच. चौकशीचे काम डे यांच्याकडे आले. ते कोलेरूनवर गेले आणि त्यांना दिसले ते असे : समुद्रातून आलेला हिल्सा खालच्या बांधाच्या पायथ्याशी थव्याने अडकलेला, पुढे जायला वाट नाही, मागे फिरायला मन नाही, आणि त्या थव्यावर जाळी पडत आहेत. सामन मासा उड्या मारत धबधबा चढतो. हिल्सा उड्या मारणाऱ्यांपैकी नाही. भिंत आली की त्याचा प्रवास संपला.

हे मी वडिलांना सांगितले तेव्हा त्यांना काहीच विशेष वाटले नाही. सांडवा वाहून थांबला की खालच्या डबक्यात मासा भिंतीला तोंड लावून उभा असतो, तिथे फेकजाळे टाकले की रिकामे येत नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे.

कोलेरूनच्या या कामातून सरकारला डे यांची योग्यता पटली. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवत होते. तिथून 1871 साली ते हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचे इन्स्पेक्टर जनरल झाले. मग सारा देश पालथा घातला. ओरिसा, ब्रह्मदेश, अंदमान, सिंध. सिंधूवरची पल्ल्याची मासेमारी तर पाहण्यासारखीच. कोळी भले मोठे मडके नदीत सोडतो, त्याच्या तोंडावर पोट टेकून पालथा पडतो आणि प्रवाहाबरोबर वाहत जातो. हातात लांब काठीला बांधलेले जाळे. मासा लागला की काढून पोटाखालच्या मडक्यात टाकायचा. नाव तीच, टोपलीही तीच! गरिबाच्या अकलेचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

जिथे स्वतः जाता येत नव्हते, तिथल्या अधिकाऱ्यांना डे यांनी प्रश्न पाठवले : तुमच्याकडे मासे धरणारे किती, जाळ्याची आस किती बारीक, मासा पूर्वीपेक्षा वाढला की घटला. कलेक्टरापासून तहसीलदारापर्यंत उत्तरे आली, आणि ती सारी 1873 च्या अहवालात छापली गेली. त्यातून डे यांचे मत पक्के झाले. मासा घटतो आहे आणि त्याला माणूस जबाबदार आहे. पाण्यात विष कालवतात, भाताच्या खाचरांत चढलेली अंडीवाली मादी सापळ्यात धरतात, बोटभर पिल्ले बारीक आसेच्या जाळ्यांनी उपसतात. त्यांनी उपाय सुचवले : जाळ्याच्या आसेला कमीत कमी माप असावे, विष बंद व्हावे, आणि बांधांमध्ये माशांसाठी वाट ठेवावी.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. आसेचे माप ठरवा हे शास्त्र म्हणून बरोबर आहे. आमच्याकडेही सहकारी संस्था तलावात कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडतात. ती चार महिन्यांत कोणी उपसली तर वर्ष बुडते, हे घरी पाहिले आहे. पण ज्या भोयाकडे एकच जाळे आहे आणि आज रात्रीची चूल पेटवायची आहे, त्याने मोठ्या आसेचे दुसरे जाळे कशाने विणावे? सरकारी अधिकाऱ्यांपैकीही काहींना गरिबाच्या अन्नात हात घालणे पसंत नव्हते. डे निर्दय होते असे मी म्हणत नाही. मासा हे गोरगरिबांचे अन्न आहे, म्हणूनच ते टिकले पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. तरी जाळे धरणारा हात दिसतो, नि भिंत घालणारा हात दिसत नाही, असा काहीसा प्रकार त्या काळच्या सगळ्या सरकारी विचारांत आहे. कॉटन आणि डे या दोघांनी निदान भिंतीकडे बोट दाखवले.

घरगुती सुख त्यांच्या वाट्याला थोडे आले. पहिली पत्नी 1869 साली गेली, 1872 साली पुन्हा लग्न केले आणि वर्षभरात दुसरीही गेली. अहवालाचे ते प्रचंड काम याच वर्षांतले आहे. 1877 साली निवृत्त होऊन ते इंग्लंडात चेल्टनहॅमला राहिले. 1875 ते 1878 या काळात त्यांचा हिंदुस्थानच्या माशांवरचा मुख्य ग्रंथ भागाभागाने निघाला. त्यात हजारावर जाती आणि जवळपास दोनशे चित्रपत्रे, पुष्कळ चित्रे स्वतः काढलेली. ब्रिटिश म्युझियमच्या गुंथर या विद्वानाशी त्यांचे हाडवैर होते. ते इतके की, आयुष्यभर जमवलेल्या माशांचा मोठा संग्रह त्यांनी लंडनला न देता ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संग्रहालयाला विकला. मोठ्या माणसांचीही भांडणे आपल्यासारखीच असतात. शेवटी शेवटी मात्र काही नमुने ब्रिटिश म्युझियमलाही गेले.

10 जुलै 1889 रोजी पोटाच्या कर्करोगाने डे वारले. त्याच वर्षी हिंदुस्थानच्या माशांवरचे त्यांचे अखेरचे दोन खंड प्रसिद्ध झाले. आठ वर्षांनी, 1897 साली, हिंदुस्थानचा मत्स्यव्यवसाय कायदा झाला. पाण्यात सुरुंग लावणे आणि विष टाकणे हा गुन्हा ठरला, आणि जाळ्यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतांच्या सरकारांना मिळाला.

बांध मात्र वाढत गेले. कावेरीवर 1934 साली मेट्टूरचे धरण झाले, सिंधूवर 1932 साली सक्करचा बंधारा झाला, आणि गंगेवर 1975 साली फराक्का सुरू झाला. पूर्वी आग्र्यापर्यंत चढणारा इलिश त्यानंतर वर दिसेनासा झाला. धवळेश्वरम्‌ला कॉटन यांचा जुना बंधारा काढून 1982 साली नवा बांधला, त्याला त्यांचेच नाव आहे. पावसाळ्यात गोदावरीचे पाणी तांबडे झाले की पुलस अजूनही भरतीबरोबर आत येते आणि त्या भिंतीपर्यंत चढते. खाली होड्या उभ्या असतात. एकेका माशाला हजारो रुपये मोजणारे लोक काठावर वाट पाहत असतात, कारण आता ती फार थोडी येते.