जॅक जॉन्सन (मुष्टियोद्धा)

जॉन आर्थर ऊर्फ जॅक जॉन्सन (३१ मार्च, इ.स. १८७८ – १० जून, इ.स. १९४६) हे अमेरिकन मुष्टियोद्धे होते. हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातील मुष्टियुद्धाचे विश्वविजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. इ.स. १९०८ ते १९१५ या काळात हे पद त्यांच्याकडे होते. रिंगमध्ये त्यांना हरवणे अवघड आहे असे दिसून आल्यावर त्यांच्याविरुद्ध न्यायालयाचा मार्ग वापरला गेला, असे त्यांच्या बहुतेक चरित्रकारांचे मत आहे.

सुरुवातीचे जीवन

जॉन्सन यांचा जन्म टेक्सास राज्यातील गॅल्व्हेस्टन या बंदराच्या शहरात झाला. त्यांचे आईवडील, टीना व हेन्री, हे दोघेही पूर्वी गुलामगिरीत राहिलेले होते. शालेय शिक्षण लवकर सुटले आणि ते गोदीत काम करू लागले.

फेब्रुवारी १९०१ मध्ये गॅल्व्हेस्टन येथे जो चॉयन्स्की या अनुभवी ज्यू मुष्टियोद्ध्याने त्यांना तिसऱ्या फेरीत गारद केले. बक्षिसासाठी मुष्टियुद्ध खेळणे टेक्सासमध्ये बेकायदेशीर असल्यामुळे दोघांनाही अटक झाली. सुमारे तीन आठवड्यांच्या या तुरुंगवासात चॉयन्स्कीने जॉन्सन यांना बचावाचे डावपेच शिकवले. प्रतिस्पर्ध्याला पुढे येऊ द्यायचे, त्याचे ठोसे हातांवर झेलायचे आणि तो दमला की प्रहार करायचा, ही जॉन्सन यांची पुढे गाजलेली शैली होय. तत्कालीन वृत्तपत्रांनी तिला भित्रेपणा ठरवले. गोऱ्या खेळाडूंच्या अशाच खेळाला मात्र चातुर्य म्हटले जाई.

विश्वविजेतेपद

इ.स. १९०३ मध्ये जॉन्सन यांनी डेन्व्हर एड मार्टिन यांना हरवून कृष्णवर्णीयांसाठीचे वेगळे हेवीवेट विजेतेपद मिळवले. खरे विश्वविजेतेपद मात्र त्यांच्यासाठी बंद होते. तत्कालीन विजेते जेम्स जेफ्रीज यांनी कृष्णवर्णीयाशी विजेतेपदासाठी लढण्यास नकार दिला आणि इ.स. १९०५ मध्ये ते अपराजित अवस्थेत निवृत्त झाले. त्यानंतर विजेते झालेले कॅनडाचे टॉमी बर्न्स यांचा जॉन्सन यांनी इंग्लंड व ऑस्ट्रेलियापर्यंत पाठपुरावा केला. अखेर ३०,००० डॉलरच्या मानधनावर बर्न्स तयार झाले. जॉन्सन यांच्या वाट्याला ५,००० डॉलर आले. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे झालेली ही लढत चौदाव्या फेरीत पोलिसांनी थांबवली व जॉन्सन विजयी ठरले. शेवटचा क्षण पडद्यावर दिसू नये म्हणून चित्रीकरणही थांबवण्यात आले होते.

यानंतर त्यांना हरवू शकेल अशा गोऱ्या खेळाडूचा शोध सुरू झाला. लेखक जॅक लंडन यांच्यासह अनेकांच्या आग्रहामुळे जेफ्रीज निवृत्तीतून परतले. ४ जुलै १९१० रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेव्हाडा राज्यातील रीनो येथे ही लढत झाली. टेक्स रिकार्ड हे आयोजकही होते आणि पंचही. कारकिर्दीत तोपर्यंत कधीही खाली न पडलेले जेफ्रीज पंधराव्या फेरीत वारंवार कोसळले आणि लढत संपली. निकालाची बातमी पोहोचताच अमेरिकेतील अनेक शहरांत हिंसाचार उसळला. मृतांमध्ये बहुतांश कृष्णवर्णीय होते. ठिकठिकाणी या लढतीच्या चित्रपटावर बंदी आली. इ.स. १९१२ मध्ये तर मुष्टियुद्धाचे चित्रपट एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा झाला. तो इ.स. १९४० पर्यंत लागू होता.

खटला व परागंदा जीवन

जॉन्सन वेगवान मोटारी, उंची कपडे आणि सोन्याचे दात उघडपणे मिरवत. त्यांच्या तिन्ही विवाहित पत्नी गोऱ्या होत्या, आणि हेच अनेकांना सर्वाधिक खुपले. पहिली पत्नी एटा डुरिया यांना त्यांनी मारहाण केल्याच्या नोंदी आहेत; सप्टेंबर १९१२ मध्ये एटा यांनी शिकागोत आत्महत्या केली.

पुढच्याच महिन्यात लुसिल कॅमेरॉन या तरुणीच्या प्रकरणात जॉन्सन यांना अटक झाली. वेश्याव्यवसाय किंवा अन्य अनैतिक हेतूने स्त्रियांना राज्याबाहेर नेण्यास बंदी घालणाऱ्या इ.स. १९१० च्या मान कायद्याचा आधार घेण्यात आला होता. लुसिल यांनी साक्ष देण्यास नकार दिला आणि डिसेंबरमध्ये जॉन्सन यांच्याशी विवाह केला. तेव्हा सरकारी वकिलांनी त्यांची पूर्वीची मैत्रीण बेल श्रायबर हिला शोधून काढले. तिच्या साक्षीवरून इ.स. १९१३ मध्ये केवळ गोऱ्या सदस्यांच्या ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले. एक वर्ष व एक दिवस अशी शिक्षा झाली.

जॉन्सन कॅनडामार्गे युरोपात पळून गेले. ५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे, कडक उन्हात, ३७ वर्षांच्या जॉन्सन यांना जेस विलार्ड यांनी सव्विसाव्या फेरीत गारद केले. आपण ही लढत मुद्दाम हरलो असे ते पुढे सांगत, परंतु हा दावा सहसा मान्य केला जात नाही. जुलै १९२० मध्ये ते मेक्सिकोच्या सीमेवर शरण आले आणि लेव्हनवर्थच्या तुरुंगात त्यांनी शिक्षा भोगली. इ.स. १९२२ मध्ये त्यांना एका सुधारित पान्याचे पेटंट मिळाले. १० जून १९४६ रोजी नॉर्थ कॅरोलायनात मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. शिकागोच्या ग्रेसलँड दफनभूमीत एटा यांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले.

वारसा

जॉन्सन यांच्या विजयाने इतर कृष्णवर्णीयांचा मार्ग लगेच खुला झाला नाही. त्यांनी स्वतःही विजेतेपद असताना सॅम लँगफर्ड, जो जेनेट अशा तुल्यबळ कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांना संधी दिली नाही. गोऱ्यांशी होणाऱ्या लढतींत पैसा अधिक होता. इ.स. १९१३ मध्ये पॅरिस येथे बॅटलिंग जिम जॉन्सन यांच्याशी झालेली अनिर्णित लढत हा एकमेव अपवाद. हवानानंतर पुढचा कृष्णवर्णीय हेवीवेट विजेता, जो लुई, होण्यास २२ वर्षे लागली. लुई यांनी जॉन्सन यांच्यासारखे वागू नये, गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र काढू नये, हरलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे आनंद दाखवू नये, अशी दक्षता त्यांचे व्यवस्थापक घेत असत.

हॉवर्ड सॅक्लर यांचे पुलित्झर पारितोषिकप्राप्त नाटक 'द ग्रेट व्हाइट होप' जॉन्सन यांच्या आयुष्यावर आधारलेले आहे. माइल्स डेव्हिस यांनी त्यांच्यावरील माहितीपटासाठी केलेले संगीतही प्रसिद्ध आहे.

अनेक वर्षांच्या मागणीनंतर २४ मे २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष डॉनल्ड ट्रम्प यांनी जॉन्सन यांना मरणोत्तर क्षमा जाहीर केली. मान कायदा सुधारित स्वरूपात आजही लागू आहे. त्यातील अनैतिक हेतूचा मोघम उल्लेख मात्र इ.स. १९८६ मध्ये वगळण्यात आला.