मरण जवळून पाहिलेल्या रमाबाई आणि त्यांची पुनरुत्थानाची आशा

पंडिता रमाबाई यांचे ५ एप्रिल १९२२ रोजी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे निधन झाले, तेव्हा ईस्टर अवघ्या अकरा दिवसांवर आला होता. ख्रिस्त तिसऱ्या दिवशी मरणातून उठला आणि त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांनाही मरण कायमचे बांधून ठेवू शकत नाही, ही त्या सणामागील श्रद्धा. रमाबाईंना ती सहज लाभली नव्हती. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी आपली जवळची माणसे एकामागून एक गमावली होती.

त्यांचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतील गंगामूळ येथील. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. रमाबाई आईकडून शिकल्या. पुराण सांगत तीर्थाटन करणाऱ्या या कुटुंबाला १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले. झाडपाला खाऊन दिवस काढल्यावर वृद्ध शास्त्रीबुवांनी जलसमाधीचा निश्चय केला. मुलाने मोलमजुरी करण्याची तयारी दाखवली, तेव्हा तो टळला. तरीही थोड्याच काळात वडील गेले, दीडेक महिन्याने आई आणि पुढे काही महिन्यांनी थोरली बहीण. आईच्या तिरडीला चार खांदेकरी मिळेनात. एका बाजूला रमाबाई उभ्या राहिल्या. उंची कमी असल्याने खांदा पुरेना, म्हणून त्यांनी तिरडीचा भार डोक्यावर घेतला आणि स्मशानाची दूरची वाट चालल्या.

बंधू श्रीनिवास यांच्यासह भटकत त्या १८७८ मध्ये कोलकात्याला पोहोचल्या. तेथे त्यांच्या विद्वत्तेचा गौरव ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी झाला. पण त्याच काळात धर्मशास्त्रे वाचताना त्यांना जाणवले, की स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचे दार थेट उघडत नाही; पुढे कधीतरी उच्चवर्णीय पुरुषाचा जन्म मिळाल्यावरच ते उघडणार. हा त्यांनी काढलेला अर्थ होता आणि त्यावर वाद घालणारे पंडित तेव्हाही होते. मात्र आईची तिरडी डोक्यावरून नेलेल्या मुलीच्या दृष्टीने तो केवळ शास्त्रार्थाचा विषय नव्हता.

१८८० मध्ये श्रीनिवासही गेले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी जातीबाहेर विवाह केला. आसामातील सिलचर येथील घरात पतीच्या पुस्तकांमध्ये त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. रिकाम्या कबरेची वार्ता त्या ग्रंथात प्रथम स्त्रिया आणतात आणि पुरुष शिष्य ती खरी मानत नाहीत. फेब्रुवारी १८८२ मध्ये मेधावी कॉलऱ्याने दगावले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती.

पुण्यातील आर्य महिला समाजाच्या स्थापनेनंतर त्या इंग्लंडला गेल्या. तेथे सोबत आलेल्या मैत्रिणीने आत्महत्या केली. त्यानंतर काही दिवसांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, वाँटेज येथे रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी चर्चच्या स्वाधीन केली नाही. त्रैक्याच्या सिद्धांतावरून तेथील भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार बराच तीव्र झाला. ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र अजून मिळालेला नाही, ही रुखरुख त्यांना पुढे आठ वर्षे होती. १८९१ च्या सुमारास हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन वाचताना ती मिटली. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच मरणातून जीवनात असा होतो.

या खात्रीचे मोल त्यांना मोजावे लागले. शारदा सदनातील विद्यार्थिनींच्या धर्मांतरावरून पुण्यात गदारोळ झाला आणि अनेक हिंदू पाठीराखे दुरावले. तो रोष निराधार होता, असे सरसकट म्हणता येणार नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणि विधवा त्यांनीच आणल्या, तेव्हा त्यांच्यासमोर स्वतःचेच बालपण होते. केडगावच्या माळावर वस्ती उभी राहिली. तिला नाव दिले ‘मुक्ती’. ज्या शब्दाचे दार आपल्यासाठी बंद असल्याचे त्यांना वाटले होते, तोच शब्द. १९०० पर्यंत तेथील संख्या दीड हजारांच्या घरात गेली होती. परलोकाच्या आशेने इहलोकाकडे पाठ फिरवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. मुक्तीत शेती होती, माग होते, छापखाना होता.

अखेरची सुमारे पंधरा वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळावी अशी साधी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह. संस्कृतात मुरलेल्या पंडितेने जड संस्कृत शब्द कटाक्षाने दूर ठेवले. काम संपत आले असताना, २४ जुलै १९२१ रोजी, मनोरमा वारली. ती चाळीस वर्षांची होती आणि मुक्तीचा भार पुढे तीच वाहणार, असे सारे धरून चालले होते. रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. ती तपासून होईपर्यंत दहा दिवस मिळावेत, अशी प्रार्थना त्यांनी केली आणि ते पुरे होताच झोपेत प्राण सोडला, अशी आठवण सांगितली जाते.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे तेथील स्त्रियांनी जुळवले होते.