मायकेल फॅरेडे

मायकेल फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी इंग्लंडमध्ये झाला. वडील लोहार होते. घरी लई गरिबी. चौदाव्या वर्षी ते पुस्तके बांधायच्या दुकानात कामाला लागले. बांधायला आलेली पुस्तकंच ते वाचायचे. पुढे ते थोर शास्त्रज्ञ झाले.

त्यांनी सोन्याचे डोळ्यांना न दिसणारे कण पाण्यात केले. पाणी पिवळे नाही, माणकासारखे लाल झाले! हे त्यांनी १८५७ साली सर्वांना सांगितले. ते १८६७ साली वारले.

आता ताप आला की आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर टाकतात. एकच रेघ आली तर मलेरिया नाही. आणखी रेघ उमटली तर मलेरिया आहे. पुष्कळ पट्ट्यांत तो लाल रंग सोन्याच्या कणांचाच असतो. रोग लवकर कळतो, म्हणून औषध लवकर मिळते आणि माणूस वाचतो.