पंडिता रमाबाई : केडगावच्या माळावरचा वसंत



चैत्राच्या सुमारास आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आंब्याला पाड लागतो, आणि त्याच दिवसांत रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत ईस्टर येतो. ईस्टर म्हणजे काय, असं मुलांनी विचारलं तर येशू मरणातून पुन्हा उठला त्याचा सण, एवढं सांगून आपण पुढे सरकतो. पण ही श्रद्धा रोजच्या जगण्यात कशी उतरते, हे दाखवायला आपल्याच महाराष्ट्रात एक चांगलं उदाहरण आहे. त्यासाठी घाट चढून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जाऊ या.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने ते रमाला. हे कुटुंब पुराणं सांगत गावोगाव पायी फिरायचं. पुढे दुष्काळ पडला. आई, वडील, थोरली बहीण एकापाठोपाठ गेली. उपाशीपोटी भटकणं म्हणजे काय, हे या मुलीने सोळा-सतराव्या वर्षी भोगलं. हा धागा मुलांना नक्की दाखवा, पुढचं सगळं त्यातूनच कळतं.

1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि 1882 मध्ये पतीचं निधन झालं. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तिथल्या धर्मगुरूंचंही त्यांनी डोळे मिटून ऐकलं नाही, प्रत्येक गोष्ट तपासून घेतली. हट्टी बाई होत्या म्हणा ना!

11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई आपल्या कोकणातल्या देवरुखची. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करून ती बाया कर्वे झाली. सदन नंतर पुण्याला हललं. तिथे मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा भाग वगळू नका. पालकांची भीती खरी होती, आणि रमाबाईंची प्रार्थनाही लपूनछपून नव्हती, दार उघडं ठेवूनच चालायची. दोन्ही बाजू ऐकून मुलांना विचार करू द्या.

अमेरिकेतून येणारी मदत दहा वर्षांपुरतीच ठरलेली होती. म्हणून त्यांनी केडगावला शंभर एकरांच्या आसपास माळरान घेतलं, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचं, इतका साधा हिशोब होता. तेवढ्यात 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात रस्त्यावर पडलेल्या मुली पाहून त्यांना आपलं लहानपण आठवलं. सुमारे तीनशे जणींना त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, तिथे एवढ्या मुली ठेवायची परवानगी नव्हती. मग त्याच माळावर झोपड्या उभ्या राहिल्या, तेच मुक्ती सदन. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या जणींना नुसतं जेवू घालून भागणार नव्हतं. कुणी हातमागावर बसल्या, कुणी शेतीत, कुणी छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. त्या काळात घरच्यांनीही ज्यांना दार लावलं होतं, त्या इथे कमावत्या झाल्या.

खेड्यातल्या बाईला कळेल असं बायबल मराठीत हवं, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षं भाषांतर करत राहिल्या. 1921 मध्ये मनोरमा गेली. संस्था सांभाळेल अशी लेकच गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी, ऐन वसंतात, केडगावलाच रमाबाईंचं निधन झालं. त्यांचं बायबल पुढे तिथल्याच छापखान्यातून बाहेर पडलं. मुक्ती मिशनचं काम केडगावात आजही चालू आहे.