गाण्याची शाळा काढणारे विष्णुबुवा : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, तुमच्यापैकी कुणाचा मुलगा किंवा मुलगी गांधर्वच्या परीक्षेला बसत असेल. प्रारंभिक झाली, प्रवेशिका झाली, आता मध्यमा. तुम्ही शाळेची सहल घेऊन सेवाग्रामला गेला असाल, तर संध्याकाळच्या प्रार्थनेला मुलांना बसवलंही असेल. परीक्षेचा तो फॉर्म आणि आश्रमातली ती भजनं, दोन्हींचा माग काढत गेलं की आपण एकाच माणसापाशी पोहोचतो. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर फार तर चार ओळी सापडतील. म्हणून म्हटलं, जरा सविस्तर लिहावं.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाडला झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ, पण पलूस गावचे म्हणून पलुस्कर झाले. लहानपणी जवळच्या नरसोबाच्या वाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडावर उडाला आणि डोळे अधू झाले. उपचारासाठी मुलाला मिरजेला नेलं. दृष्टी पुरती परत आली नाही. शाळेचं शिक्षण तिथेच संपलं. आता या मुलाचं काय करायचं, हा प्रश्न घरच्यांपुढे उभा राहिला. आपल्या वर्गातही असं एखादं लेकरू असतं, म्हणजे हा प्रश्न किती मोठा हे मी तुम्हाला सांगायला नको. गळा चांगला होता, म्हणून त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणं शिकायला ठेवलं. बुवा म्हणजे ग्वाल्हेर घराण्याचे मोठे गवई. ते गाणं महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव आधी येतं.

वर्षानुवर्षं तालीम चालली. मग एक प्रसंग घडला आणि माझ्या मते विष्णुबुवांचं सगळं आयुष्य त्या प्रसंगातून निघालं. मिरजेत एक सार्वजनिक समारंभ होता. विष्णूवर संस्थानिकांची मर्जी, म्हणून त्याला बोलावणं आलं. गुरूंना आलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की गवयाला अशा ठिकाणी मानानं बोलावण्याची रीतच नाही. गाणं ऐकायचं, बिदागी द्यायची, पण शेजारी खुर्ची द्यायची नाही! हे विष्णूला फार लागलं. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली, राजाश्रयही सोडला.

पुढची काही वर्षं नुसती भटकंती. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, पंजाब. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणं केलं. आज यात काही विशेष वाटत नाही, पण तेव्हा गाणं दरबारात तरी व्हायचं नाही तर एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात. चार पैसे देऊन कुणीही येऊन बसावं, ही गोष्टच नवी होती.

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. संस्थानाच्या जिवावर नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या कमाईवर. सुरुवातीचे काही दिवस एकही विद्यार्थी आला नाही. बुवा मात्र वेळेवर शाळा उघडून तंबोरा घेऊन एकटेच बसत. (पटसंख्येची काळजी करणाऱ्या आपल्या मंडळींना हे दृश्य डोळ्यांपुढे आणायला जड जाणार नाही.) हळूहळू मुलं आली. काहींना त्यांनी नऊ वर्षांच्या करारावर घरीच ठेवून घेतलं. जेवण, कपडे, शिक्षण सगळं मोफत. त्यांना शिकवून पुढे गावोगाव शिक्षक म्हणून पाठवायचं, असा बेत होता. अभ्यासक्रम, परीक्षा, स्वरलिपी, छापील पुस्तकं, सगळं उभं केलं.

जर्मनीत हे आधीच रुळलेलं होतं. शूबर्टची गाणी छापील स्वरांत घरोघर पोहोचली होती. ती गाणी मैफलीत गाऊन नाव मिळवलेले युलिउस श्टॉकहाउझेन यांनी पुढे फ्रांकफुर्टला स्वतःची गायनशाळा काढली होती. आपल्याकडे मात्र गाणं गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जायचं, आणि गुरूची मर्जी नसली तर तेही नाही. ते कागदावर उतरवणं कित्येक उस्तादांना पटलं नाही. शृंगाराच्या चिजांचे शब्द काढून बुवांनी तिथे भक्तीचे शब्द घातले, यावरही टीका झाली. ती टीका अगदीच चुकीची होती असं मला वाटत नाही, जुन्या चिजांची गोडी त्यात काही ठिकाणी गेली असणार. पण मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींना गाणं शिकायची परवानगी मिळाली, ती या बदलामुळेच. स्वरलिपीच्या बाबतीत पुढे पं. भातखंड्यांची सोपी पद्धत जास्त चालली, बुवांची मागे पडली.

1908 मध्ये मुंबईला शाखा निघाली. मोठी इमारत बांधली, छापखाना आणि वाद्यांचा कारखाना काढला. कर्ज झालं. ते फेडायला बुवा गावोगाव गात फिरले, पण शेवटी 1924 च्या सुमारास इमारत लिलावात गेली. मन रामनामाकडे वळलं होतं, मग त्यांनी नाशिकला आश्रम केला. घरातलं दुःख त्याहून मोठं होतं. बारा मुलांपैकी दत्तात्रेय हा एकच जगला. तोच पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजला आणि 1955 मध्ये, चौतीसाव्या वर्षी गेला.

आता सेवाग्रामचं. गांधीजींनी साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला, तेव्हा बुवांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवलं. आश्रम भजनावलीची जुळवाजुळव खरेशास्त्रींनी केली. 1930 च्या दांडीयात्रेत ते चालले होते आणि ‘रघुपती राघव’ची धून तेव्हा घरोघर गेली. तिची आपण गातो ती चाल बुवांच्या नावावर सांगतात. गांधीजी आपल्या जिल्ह्यात स्थिरावले, तेव्हा ती भजनावली इथे आली. बुवा मात्र 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेतच वारले होते.

त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आपली मुलं परीक्षा देतात ती याच मंडळाची. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सगळी बुवांच्या हाताखालची माणसं.

वर्गात हा पाठ घेणार असाल, तर सनावळीपासून सुरुवात करू नका. मिरजेचा प्रसंग आधी सांगा आणि थांबा. गुरुजींना का नाही बोलावलं, असं कुणीतरी विचारेलच. तिथून पुढे चला.