हिवऱ्याच्या बागेतील नामकरण

ओझरच्या विघ्नहराच्या दर्शनास जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, जुन्नर तालुक्यातीलच हिवरे गावी गेल्या शतकापूर्वीच्या शतकात कंपनी सरकारची एक वनस्पतिबाग होती. पश्चिम भारतातील वृक्षवेलींना शास्त्रीय नावे देण्याच्या कार्याशी तिचा निकटचा संबंध होता. त्या बागेचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे होत.

गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमध्ये झाला. एडिंबरो येथे वैद्यक शिकून ते कंपनीच्या सेवेत मुंबई इलाख्यात आले. देवी टोचण्याच्या कामी त्यांनी दख्खनचा मुलूख पायाखाली घातला. १८३८ साली दापोडीच्या सरकारी बागेचा कारभार त्यांच्याकडे आला आणि हिवऱ्याची बागही त्यांच्याच देखरेखीखाली होती. लष्करी दवाखान्यांना लागणारी औषधे येथेच पिकवावीत, हा या बागांचा एक प्रमुख हेतू होता.

औषध म्हटले की नावाचा प्रश्न येतोच. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील हिरडा हा संस्कृतात हरीतकी, तर हिंदीत हरड. उलट, एकाच नावाने दोन गावी दोन भिन्न झुडपे ओळखली जातात. अशा घोटाळ्यात वैद्याचा रोगी दगावू शकतो. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली यावर तोड काढली. प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे लॅटिन नाव असावे. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. मग हिरडा जगभर टर्मिनॅलिया चेब्युला ठरतो. मात्र नाव देणे हे बारशाइतके सोपे नसते. फुलाचे अवयव तपासून कुल व प्रजाती ठरवावी लागते, पूर्वी कोणी नाव दिले आहे काय हे धुंडाळावे लागते आणि वाळविलेला नमुना पुराव्यादाखल जपून ठेवावा लागतो. आधीचे रीतसर प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य, हा या व्यवहारातील मूलभूत नियम होय.

या परिश्रमांचे फळ म्हणजे गिब्सन यांनी निकल डॅल्झेल यांच्यासह सिद्ध केलेला 'बॉम्बे फ्लोरा' हा १८६१ सालचा ग्रंथ. अनेक वनस्पतींच्या नावांपुढे या जोडीची नावे आजही लिहिली जातात. परंतु गिब्सन केवळ नावे देऊन थांबले नाहीत. १८४७ साली ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. बेसुमार तोडीने झरे आटतात, हे त्यांनी सरकारला बजावले होते. ज्याला झाड ओळखता येते त्यालाच त्याची उणीव जाणवते, हेच खरे.

तथापि, या कीर्तीची एक बाजू खिन्न करणारी आहे. दापोडीच्या बागेत १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात आहेत. पोर्तुगीज-भारतीय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या चित्रकाराचे नाव मात्र कोठेही नोंदलेले नाही. प्रत्येक रोपट्यास नाव मिळाले. ते रेखाटणारा हात निनावी राहिला!

गिब्सन १८६७ साली निवर्तले. त्याच सुमारास डॅल्झेल यांनी जुन्नरच्या डोंगरांतील एका मांसल, तांबूस फुलांच्या वनस्पतीस गव्हर्नर फ्रेअर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका हे नाव दिले. मराठीत तीच शिंदळ माकुडी. पुढे १९५८ साली तिला कॅरालुमा प्रजातीत घालण्यात आले. तेथे इंडिका हे नाव आधीच दुसऱ्या जातीने व्यापलेले असल्याने ती फ्रेरेई झाली. नंतर तिची प्रजातीही पुन्हा बदलली. वर्गीकरण हे दगडावरची रेघ नसून ज्ञानाबरोबर सुधारणारी वही आहे, याचा हा उत्तम धडा होय.

मात्र नाव बदलले तरी वनस्पती टिकली पाहिजे. शिवनेरीच्या कड्यांसारख्या मोजक्या जागी उगवणारी ही जात संकटग्रस्त आहे. दुर्दैवाने विद्यार्थी लॅटिन नावे घोकतात, पण त्या नावांची झाडे पाहत नाहीत. गिब्सन यांचे खरे स्मारक परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत नाही. शिक्षकाने मुलांना डोंगरावर नेऊन एखादे रोप ओळखावयास शिकविले, तर ते तेथेच उभे राहील.