श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि औंधची चित्रशाळा

चित्रांचे मोठे संग्रह मोठ्या शहरीच असावयाचे, अशी एक समजूत रूढ आहे. मुंबई, बडोदे, हैदराबाद ही नावे त्यासाठी सहज ओठांवर येतात. खेड्याला देऊळ असावे, शाळा असावी, पाण्याची सोय असावी. पण चित्रे घेऊन खेड्याने काय करावयाचे, असे शहाणी माणसेही विचारतात. भालकी तालुक्यातील आमच्या खटकचिंचोळीसारख्या गावी हा प्रश्न परका नाही. ज्या पुरुषाने या प्रश्नाला आयुष्यभर कृतीने उत्तर दिले, त्याचे चरित्र म्हणूनच आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते पदवीधर झाले आणि १९०९ मध्ये औंधच्या गादीवर बसले. औंध हे संस्थान लहान. क्षेत्रफळ सुमारे ५०० चौरस मैल, आणि तेही सलग नव्हे. औंध गाव साताऱ्याकडे, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णेच्या बाजूस आणि गुणदाळ तर विजापूर जिल्ह्यात, कानडी मुलखात! मराठी आणि कानडी एकाच अंगणात नांदताना पाहणाऱ्या आम्हां सीमाभागातील लोकांना अशा राज्याची कल्पना चटकन येईल. त्यातील पुष्कळसा मुलूख अवर्षणाचा. पैसा बेताचा आणि गरजा अनेक.

बाळासाहेब केवळ चित्रांचे चाहते नव्हते. ते स्वतः चित्रकार होते. रामकथेवर त्यांनी काढलेल्या चित्रांचे ‘चित्र रामायण’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कीर्तनासाठी उभे राहण्यात त्यांना राजेपणाचा अडसर वाटत नसे. अजिंठ्याची लेणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, आणि आमचा बिदर जिल्हाही त्याच राज्यात होता. तेथे चित्रकारांना नेऊन त्यांनी भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या आणि १९३२ मध्ये अजिंठ्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेला १९१८ मध्ये एक लाख रुपयांचे वचन त्यांनीच दिले. १९३५ च्या इंदूर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले.

अशा रसिकाने जमविलेली चित्रे वाड्याच्या बंद दालनात राहिली असती, तर त्यात नवल नव्हते. परंतु १९३८ मध्ये औंध येथे, यमाईच्या डोंगराच्या उतारावर, श्रीभवानी वस्तुसंग्रहालयाची इमारत उभी राहिली. राजा रविवर्म्यांची ‘सैरंध्री’ तेथे आहे. महादेव विश्वनाथ धुरंधर, बाबूराव पेंटर, माधव सातवळेकर यांची चित्रे आहेत. जुनी लघुचित्रे आहेत; पाश्चात्त्य चित्रांच्या प्रतिकृती आहेत; आणि इंग्लंडचे विख्यात शिल्पकार हेन्री मूर यांचे माता व बालक हे शिल्पही आहे. बाहेरचा उजेड वरच्या झरोक्यांतून आत यावा आणि चित्रे नीट दिसावीत, अशी इमारतीची योजना आहे. चित्र विकत घेणे हा चित्रशाळेचा आरंभ होय. ते उन्हापासून, ओलीपासून आणि वाळवीपासून जपणे, योग्य उंचीवर लावणे आणि पाहणाऱ्याला सुखाने पाहता येईल असे करणे, हे तिचे खरे व नित्याचे काम होय. देवीच्या दर्शनाला निघालेला शेतकरी वाटेत थांबून ‘सैरंध्री’च्या चेहऱ्यावरची भीती पाहू शकतो, ही सोय एखाद्या राजधानीलाही भूषण ठरावी!

कोणी म्हणेल, दुष्काळी मुलखात हा राजविलास कशासाठी? या प्रश्नाची टाळाटाळ करणे बरे नव्हे. त्याचे उत्तर बाळासाहेबांच्या इतर कार्यात सापडते. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा त्यांनी कुंडलनजीक जागा दिली आणि माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. शाळांतून सूर्यनमस्कार सुरू करून त्यांनी मुलांची शरीरे कसली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ मध्ये कैद्यांची खुली वसाहत निघाली. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या बोलपटाचे मूळ तिच्यातच आहे. आणि त्याच १९३९ साली, महात्मा गांधींच्या सल्ल्याने व मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने, ग्रामपंचायतींच्या पायावर उभी राज्यघटना औंधात अमलात आली. राजाने आपली सत्ता आपल्या हाताने प्रजेला दिली. ज्याने प्रजेला राज्य देण्याइतके योग्य मानले, त्याने तिला चित्रे पाहण्याइतकेही योग्य मानले, यात विसंगती कोठे आहे? पोटाला भाकरी हवी हे खरेच. परंतु गरिबाच्या डोळ्यांना सौंदर्याची भूक नसते, असे मानणे हा त्याचा अपमान होय.

१९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब निवर्तले. गादी गेली, चित्रशाळा मात्र राहिली, आणि ती औंधातच राहिली. पुढे तिची देखभाल शासनाकडे आली. पाच-पन्नास चौरस मैल अधिक जिंकलेल्या कित्येक राजांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. या लहान राजाच्या दालनांतून मात्र अजून शाळांच्या सहली फिरतात.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या जिल्ह्यात १४७२ मध्ये बांधलेला महमूद गवानचा मदरसा आहे, आणि काळ्या धातूवर चांदीची वेल उठविणारे बिदरी कारागीर आहेत. सौंदर्य आपल्या दाराशी आहे. उणीव असेल तर ते जपून मांडणाऱ्या हातांची. त्यासाठी राजाच व्हावे लागते असे नाही. शाळेतील एक स्वच्छ, कोरडी, उजेडाची खोली आणि तिची रोज निगा राखणारी चार मुले एवढ्यानेही आरंभ होऊ शकेल, असे आम्हांस वाटते.